बहात्तरचा प्रश्न

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर धाडले नाही, याबद्दल आधीच कान पकडतो. गुडघा आहे तसाच आहे, रक्तदाब गोळीच्या धाकात आहे. प्रकृतीचे पुराण एवढेच पुरे. आज लिहायला बसलो त्याचे कारण निराळे आहे आणि ते तुझ्याखेरीज कोणाला कळायचे नाही.

माझी एक विद्यार्थिनी, बहुधा शेवटचीच, पीएचडीसाठी बहात्तरचा प्रश्न मागते आहे.

होय, तोच. लांबी ७२, मिती ३६ आणि किमान अंतर १६ असलेला सेल्फ-ड्युअल बायनरी कोड, म्हणजे शून्य-एकांच्या ७२ अंकी शब्दांचा, २ च्या छत्तिसाव्या घाताइतका मोठा, असा चुका दुरुस्त करणारा संच, की ज्यातले कोणतेही दोन शब्द किमान १६ जागी वेगळे असतील आणि दोहोंत एकाच जागी येणारे एक नेहमी सम संख्येने असतील, तो आहे की नाही, हा गणितज्ञ स्लोअन यांनी १९७३ मध्ये विचारलेला प्रश्न. २४ लांबीला गोले कोड सापडला, ४८ लाही तसाच एक सापडला, तेव्हा ७२ ला सापडेलच, ही त्या वयातली आपली श्रद्धा तुला आठवत असेल. असा कोड असलाच तर त्यात १६ वजनाचे, म्हणजे सोळा एक असलेले, शब्द नेमके २,४९,८४९ असणार, हेही ठरलेले. मूल जन्मले की नाही ते ठाऊक नाही, पण कुंडली तयार, असे सर म्हणायचे.

या प्रश्नापायी माझी अकरा वर्षे गेली आणि हाती आले ते अमुक सममितीचा (अंकांच्या जागा अदलाबदल करूनही कोड तोच राहतो, त्या अदलाबदलीचा) असा कोड असू शकत नाही, एवढेच सांगणारे दोन निबंध. माझ्यासारख्या अनेकांनी एकेक सममिती बाद करत नेली. आता तर कोड असलाच तर त्याच्या सममिती-गटात ५ हून अधिक घटक असू शकत नाहीत, हे सिद्ध झाले आहे. ज्या काठीने आम्ही अंधारात चाचपडत होतो, ती आम्हीच मोडून ठेवली. त्या पोरीने आता ६,८७१ कोटींहून अधिक शब्दांचा कोड जवळजवळ सममितीवाचून शोधायचा, तेही पाठ्यवृत्तीची मुदत संपण्याआधी.

मी नको म्हणणारच होतो. “जे नाही ते नाही, हे सिद्ध करण्यात आयुष्य घालवू नकोस,” हे वाक्य ओठांवर आले आणि मी थबकलो, कारण ते तुझे होते. ग्रंथालयाच्या जिन्यावर तू मला तेच सुनावलेस, मी तुला कंपनीचा नोकर म्हटले, आणि पुढे दोन वर्षे आपण बोललो नाही. (तुझी छत्री मी हरवली नव्हती, रागाने ठेवून घेतली होती.)

पण तुझे तरी काय? गॅलगर यांचे १९६२ चे एलडीपीसी हे चुका दुरुस्त करणारे कोड तीसेक वर्षे जवळजवळ कोणी हाती घेतले नाहीत, तूही त्यांना अडगळ म्हणायचास, आणि पुढे त्यांच्यावरच तुझी नोकरी चालली. तेव्हा व्यर्थ काय, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या दोघांनाही नसावा.

शिकवण्याची मात्र खंत नाही. कोडमधल्या शब्दाच्या सात बिटांपैकी एखादा गुपचूप उलटवायला सांगून तीन समता-तपासण्यांत (ठरावीक जागांवरचे एक सम की विषम, हे पाहून) तो ओळखून दाखवला की वर्ग अजूनही चकित होतो. १ + २३ + २५३ + १७७१ ही बेरीज बरोबर २०४८, म्हणजे २ चा अकरावा घात, येते आणि २३ लांबीच्या गोले कोडच्या शब्दांभोवतीचे, तीन चुकांपर्यंतचे गोल सगळा अवकाश तंतोतंत भरून टाकतात, हे लिहिताना खडू आजही आपोआप हलका होतो. ही मुलगी त्या बेरजेलाच भुलून माझ्याकडे आली. म्हणजे मूळ दोष माझाच.

शेजारचा एखादा सुटण्याजोगा प्रश्न देऊन बहात्तरला फावल्या वेळेवर ढकलावे, असे मनात येते. पण फावल्या वेळेपुरता तो राहत नाही, हे मी अनुभवाने जाणतो.

तू निवृत्तीनंतर रुळलास का? वहिनींचे डोळ्यांचे ऑपरेशन नीट झाले ना? नातीला आशीर्वाद.

ती सोमवारी उत्तर मागायला येईल. त्याआधी एवढेच कळव: जिन्यावर तू ते माझ्या काळजीने बोललास, की तू स्वतः तो प्रश्न सोडून निघाला होतास म्हणून?

तुझाच,
नाना