मोजणीवाल्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

६ फेब्रुवारीला, ब्रिटिश राणी आणि न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी यांच्यात झालेल्या वायटांगी कराराच्या दिवशी, ऑकलंडच्या आपल्या मंडळात मी जे बोललो त्याचं अजून कौतुक होतंय. त्यातलं निम्मं तुमचं होतं आणि ते सभेत सांगायचंच राहिलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी गोष्ट तयार होती. जेम्स बझबी, १८३३ पासून इथला ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी. १८४० च्या कराराच्या मसुद्यात त्याचा हात. आणि त्याच वर्षी सिडनीत, जिथून तेव्हा न्यूझीलंडचा कारभार चालायचा, गव्हर्नर गिप्सने कायदा केला: माओरींकडून परस्पर घेतलेल्या जमिनींचे व्यवहार सरकारी चौकशीत टिकल्याशिवाय रद्दबातल, आणि मंजुरी साधारण २,५६० एकरांपर्यंतच. बझबीनेही माओरींकडून अशीच जमीन घेतली होती, म्हणून तो सिडनीच्या विधान परिषदेपुढे उभा राहून भांडला. पुढे न्यूझीलंडच्या सरकारशी वर्षानुवर्षं. १८६७ मध्ये लवादासाठी वेगळा कायदा करावा लागला. १८७१ मध्ये तो गेला. बिचारा बझबी, लबाड सरकार. टाळ्या नक्की होत्या.

सातारा जिल्ह्यात जन्मभर मोजणी केलेले तुम्ही. चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "खरेदीखत आहे रे, पण फेरफार कुठाय?"

करारातलं दुसरं कलम मी चारदा वाचलं होतं. माओरींनी जमीन विकायची तर आधी राणीच्या सरकारला, एवढं पाठही होतं. पण बझबीचा कागद म्हणजे नोंद न झालेलं खरेदीखत आणि मालकी सुरू होणार ती सरकारी सनदेपासून, हे तुमच्या त्या एका प्रश्नाने डोक्यात शिरलं.

मग वीजबिलाच्या पाकिटामागे तुम्ही पेन्सिलीने चौकोन काढलात. चतुःसीमा लिहिल्यात, पूर्वेला ओढासुद्धा. "समज, कुणी दहा हजार एकर घेतले. सरकारने अडीच हजार कायम केले. बाकीचे कुणाच्या नावावर?"

"ज्यांचे होते त्यांच्या," मी म्हणालो.

"बघून सांग."

बघितलं. तसं झालं नव्हतं. विक्री खरी धरली गेली आणि मर्यादेवरचं क्षेत्र सरकारजमा. माओरींकडून गेलं, गोऱ्यालाही नाही मिळालं. त्याचा निवाडा करायला आयोग बसला तो थेट १९४६ मध्ये! तेव्हा लाज वाटली, कारण माझ्या अख्ख्या भाषणात माओरी फक्त 'विकणारे' म्हणून एका ओळीत होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतो आपण. इथे तर तिसऱ्याचीच जमीन गेली.

भाषण रात्री दोनला पुन्हा लिहिलं. बझबी मधे गेला, चौकोन आधी आला. काकूंनी त्या दिवशी तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा तो तुमच्या चौकोनाशेजारी गार झाला, त्याबद्दल त्यांची वेगळी माफी.

पाकीट ठेवून घेतोय. पेन्सिल चुकून खिशात आली, ती रविवारी आणून देतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा