राष्ट्रीय सेवा योजनेचे तास अभ्यासिकांना मिळावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुटल्यावर वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या अभ्यासिका पुण्यात अनेक समाजमंदिरांत आणि मंडळांच्या खोल्यांत भरतात. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीजवळ अशाच एका अभ्यासिकेत मी शिकवायला जातो. तेथे वह्या, दप्तरे आणि खाऊ आणून देणारे पुष्कळ लोक येतात आणि त्यांच्या सद्भावनेविषयी मला आदरच आहे; पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वर्षभर येणारी माणसे मात्र मिळत नाहीत.

सातत्याचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. पाचवीतली एक मुलगी ४०२ मधून १५७ वजा करून ३५५ असे उत्तर लिहीत असे. एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, अशी तिची समजूत झाली होती. शंभर काड्यांचा गठ्ठा सोडून दहा जुड्या, त्यांतली एक जुडी सोडून दहा सुट्या काड्या, हे तिने स्वतःच्या हातांनी अनेकदा केले, तेव्हा कुठे २४५ हे उत्तर तिला पटले. अशी चूक पुसून उत्तर सांगणे सोपे असते. ती कोठून येते हे मात्र मागच्या आठवड्याची वही पाहिलेल्यालाच कळते. दर आठवड्याला नवा दादा किंवा नवी ताई आली, की नाव विचारण्यापासून आणि पाढे म्हणून घेण्यापासून पुन्हा सुरुवात होते आणि मुलेही हळूहळू अडचण सांगेनाशी होतात.

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास दिला, तर चाळीस आठवड्यांत १२० तास भरतात. जनजागृतीच्या फेऱ्या आणि स्वच्छता मोहिमा जरूर व्हाव्यात. परंतु ज्या विद्यार्थ्यांची इच्छा आहे, त्यांना दोन्ही वर्षांचे तास एकाच अभ्यासिकेत, मुलांच्या एकाच गटाबरोबर पूर्ण करण्याची मुभा महाविद्यालयांनी द्यावी.

त्याबरोबर काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतील. स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी झालेली असावी, मुलांसोबत नेहमी दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात आणि मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवू नये, हेही मी आवर्जून सांगेन. तिला घरातून बाहेर पडण्याची तेवढी एकच सोय असते.

महापालिकेच्या शाळांतील वर्ग संध्याकाळी रिकामे असतील, तेथे ते दोन तासांसाठी अभ्यासिकांना वापरू द्यावेत. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी विद्यापीठ आणि महापालिकेचा शिक्षण विभाग यांनी एकत्र बसून याविषयी निर्णय घ्यावा, ही विनंती.

– एक स्वयंसेवक, पर्वती, पुणे