गजकर्णावर स्टेरॉइडची ट्यूब नको

संपादक महोदय,

पावसाळ्याची दमट हवा आणि पाठोपाठ गरब्यात घामाने भिजणारे कपडे ही दोन्ही गजकर्णाच्या बुरशीला मानवतात, म्हणून नवरात्र तोंडावर आले असताना हे पत्र लिहीत आहे.

गजकर्ण ओळखणे सहसा अवघड नसते. जांघेत, कमरेवर किंवा काखेत गोल चट्टा उठतो, त्याची कडा लालसर, उंचवट्याची व खवलेदार असते, मधला भाग त्यामानाने स्वच्छ दिसतो आणि खाज असह्य होते. मात्र चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर ते गजकर्ण समजू नये. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी, त्याचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

खरी अडचण पुढे येते. बडोद्यात दुकानात जाऊन 'दादरनी ट्यूब' (गुजरातीत दादर म्हणजे गजकर्ण) मागितली की पुष्कळदा बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेला लेप हाती पडतो. दोन दिवसांत खाज आणि लाली ओसरते, रुग्ण खूश होतो. पण स्टेरॉइडने त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आतल्या आत पसरत राहते, कडा पुसट होऊन निदान चुकते आणि जांघेतील त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे वण पडतात. क्लोबेटासोलसह चौदा स्टेरॉइड लेप केंद्र सरकारने 2018 मध्ये अनुसूची 'एच'मध्ये घातले, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकताच येत नाहीत. हा नियम कागदावरच राहिला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि निव्वळ बुरशीनाशक लेप देतात. तो चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावावा व चट्टा गेल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवावा. खाज थांबताच औषध सोडणे हेच रोग उलटण्याचे मोठे कारण आहे. चट्टे बरेच असतील तर पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात, आणि लहान मुलांच्या डोक्यातील गजकर्ण तर केवळ लेपाने बरे होतच नाही. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी बुरशी आता देशात सर्रास आढळते, तेव्हा शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नयेत. घरात इतरांना चट्टे असतील तर सर्वांचे उपचार एकदमच व्हावेत; टॉवेल व आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत, ते गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवावेत.

चणियाचोळी व केडियू हे गरब्याचे पोशाख भाड्याने देणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकानंतर कपडे धुऊनच पुढे द्यावेत, आणि अन्न व औषध प्रशासनाने नवरात्रापूर्वी शहरातील दुकानांची या लेपांपुरती तपासणी करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे