अक्षता पडल्यावर बुफेची रांग का लांबते?

महोदय,

स. न. वि. वि.

लग्नसराई सुरू झाली की बुफेविरुद्धच्या तक्रारींचाही हंगाम सुरू होतो. आपल्या सदरातही नुकतीच अशी काही पत्रे वाचली. बुफेमुळे वडीलधाऱ्यांना हातात ताट घेऊन ताटकळावे लागते, अन्न वाया जाते, म्हणून पंगत पुन्हा सुरू करावी, असा त्यांचा एकंदर सूर होता. पंगतीची गोडी मलाही मान्य आहे. परंतु आग्रहाने वाढणारी घरची तरुण मुले आता पंगतीत उतरत नाहीत, पगारी वाढपी पुरेसे मिळत नाहीत आणि शहरातील बहुतेक कार्यालयांत चारशे-पाचशे माणसे एका वेळी बसतील एवढे भोजनगृहही नसते. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापनात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे माझे मत असे झाले आहे की, गैरसोयीचे मूळ बुफेत नसून आपण तो ज्या रीतीने मांडतो त्या मांडणीत आहे.

आपल्याकडे बुफेची मांडणी हॉटेलांतून जशीच्या तशी उचलली गेली. हॉटेलात सायंकाळी सातपासून अकरापर्यंत माणसे थोडीथोडी येतात, त्यामुळे भिंतीलगत मांडलेले एक लांब टेबल तिथे सहज पुरते. लग्नाचे तसे नसते. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा असेल, तर शेवटचे मंगलाष्टक संपून अक्षता पडताच पाचशे माणसे एकाच वेळी भोजनगृहाकडे वळतात. त्यातल्या कित्येकांना पुढच्या लग्नाला किंवा परतीच्या गाडीला जायचे असते. साधा हिशेब करून पाहावा. ज्या पदार्थापाशी सर्वाधिक वेळ लागतो तिथे प्रत्येकाचे दहा सेकंद गेले, तर एका रांगेतून मिनिटाला सहा माणसे पुढे सरकतात आणि पाचशेव्या पाहुण्याचे ताट भरायला जवळजवळ दीड तास लागतो. तेच पदार्थ दोन टेबलांवर मांडले, दोन्ही टेबले भिंतीपासून सोडवून दालनाच्या मध्यभागी घेतली आणि दोन्ही बाजूंनी वाढून घेण्याची सोय केली, तर चार रांगा होतात आणि हेच काम वीस-बावीस मिनिटांत आटोपते. यासाठी अन्न अधिक लागत नाही. भांड्यांचा एक जादा संच, प्रत्येक भांड्यात दोन डाव आणि दोन-तीन माणसे एवढाच वाढीव खर्च आहे. केटरर मंडळींना भिंत प्रिय असते ती मागच्या पडद्याच्या सजावटीसाठी, आणि यजमानही छायाचित्रांच्या मोहाने ते चालवून घेतात.

रांग तिच्यातल्या सर्वांत सावकाश पदार्थाच्या वेगानेच चालते. आमच्या भागात तो मान बहुधा पुरीचा असतो. कढईतून घाणा उतरेपर्यंत पुरीच्या भांड्यासमोर सगळे थांबतात आणि त्यांच्या मागे वरण, मसालेभात, बटाट्याची भाजी यांपैकी काहीही हवे असलेले शंभर जण अडकून राहतात. पुऱ्या मुख्य टेबलावर ठेवूच नयेत. दोन मुलांनी परातीतून त्या पाहुण्यांपर्यंत फिरवाव्यात. गरम जिलेबी, डोसा, चाट यांसारखे समोर करून देण्याचे पदार्थ दालनाच्या दुसऱ्या टोकाला असावेत. पाणी आणि मठ्ठा आणखी वेगळीकडे हवा, कारण भरलेले ताट एका हातात असताना दुसऱ्या हाताने पेला भरून घेणे ही कसरतच आहे. ताटे सुरुवातीला असावीत, पण चमचे आणि कागदी रुमाल शेवटी. ते आधी हातात आले की डाव धरायला हात उरत नाही.

पदार्थ ठरवतानाही पाहुणा उभ्याने जेवणार आहे, ही गोष्ट लक्षात घेतली जात नाही. पंगतीत एक हात पानावर आणि दुसरा मोकळा असतो. बुफेत डावा हात ताटात अडकलेला, त्यामुळे एकाच हाताने पुरी तोडणे किती अवघड आहे, हे कोणत्याही लग्नात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. अळूची पातळ भाजी वाटीविना वाढली की ती थेट श्रीखंडाला जाऊन मिळते. पंगतीचा सगळा स्वयंपाक बुफेत कोंबण्यापेक्षा पदार्थ मोजके ठेवावेत, पातळ पदार्थांसाठी वाट्या द्याव्यात आणि ताट टेकवता येईल अशी उंच गोल टेबले पुरेशी मांडावीत. ज्येष्ठांसाठी, अपंगांसाठी आणि लहान मुले असलेल्या मातांसाठी मात्र टेबल-खुर्च्यांची बसती व्यवस्था आणि वाढपी हवेतच. चाळीस-पन्नास माणसांची ही पंगत पाचशेंच्या पंगतीइतकी अवघड नाही. प्रत्येक पदार्थापुढे नावाची पाटी असावी आणि शेंगदाण्याचे कूट घातले असल्यास ते तिच्यावर लिहावे. आपल्या कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत कूट कुठेही असते आणि शेंगदाणा न चालणाऱ्या माणसाला ते नुसते पाहून कळत नाही.

आता थोडे दराविषयी. केटररचा दर बहुधा ताटामागे ठरतो आणि शेवटी वापरलेली ताटे मोजून हिशेब होतो. परिणामी दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्याला कोरे ताट देण्यास यजमानही नाखूश असतात आणि केटररची माणसेही. मग पाहुणा उष्टे ताट घेऊन पुन्हा टेबलापाशी येतो, भाजीचा डाव त्या ताटाला टेकतो आणि परत भांड्यात जातो. आग्रहाच्या नावाखाली नव्हे, तर हिशेबाच्या पद्धतीमुळे घडणारा हा गलिच्छपणा आहे. माणसे मोजून किंवा आधीच आकडा ठरवून करार केला, तर तो सहज थांबेल. ताटे लहान ठेवून ती हवी तितकी देऊ करावीत. पुन्हा यायला मोकळीक असली की पहिल्याच फेरीत डोंगर रचण्याचे कारण उरत नाही.

अन्न टिकवण्याच्या बाबतीत तर निष्काळजीपणाची कमाल आहे. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली राहिले पाहिजेत; मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. टेबलावरच्या झाकणाच्या भांड्यांखाली जळणारी ती छोटी ज्योत गरम अन्नाची ऊब टिकवण्यापुरतीच असते, गार अन्न गरम करण्याचे बळ तिच्यात नाही. तरीही खालच्या तबकात नळाचे गार पाणी ओतून त्यावर मसालेभात ठेवल्याचे मी वारंवार पाहिले आहे. तिथे उकळते पाणी घालायला पाच मिनिटेही लागत नाहीत. भाताच्या बाबतीत ही काळजी विशेष हवी, कारण त्यातील काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात. त्यांतून तयार होणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होईलच असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत श्रीखंड, बासुंदी आणि दह्याची कोशिंबीर मोठ्या पातेल्यात मांडून ठेवू नये. लहान भांडी बर्फावर ठेवावीत, ती संपताच पूर्ण बदलावीत आणि उरलेल्यावर नवे ओतण्याची सवय सोडावी.

उरलेल्या अन्नाविषयी भावनेने बोलले जाते, पण तयारी कोणी करत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी स्वतंत्र विनियम केलेले आहेत आणि अनेक शहरांत असे अन्न गोळा करणाऱ्या संस्था काम करतात. टेबलावर दोन तास उघडे राहिलेले, शेकडो हातांखालून गेलेले अन्न दान म्हणून कोणालाही देऊ नये. मुदपाकखान्यात झाकलेल्या पातेल्यांत गरम राहिलेले अन्नच द्यावे. म्हणूनच सगळा स्वयंपाक एकदम बाहेर न मांडता लागेल तसा काढणे महत्त्वाचे आहे. संस्थेशी बोलणे मात्र आदल्या दिवशीच व्हायला हवे. स्वागतसमारंभ संपल्यावर रात्री अकराला दूरध्वनी केला, तर माणसे आणि गाडी पोचेपर्यंत ते अन्न देण्याजोगे उरलेले नसते.

कळावे,

आपला,
एक वाचक, मिरज