अणुबॉम्बचा ‘निर्णय’ नेमका कोणत्या कागदावर आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरोशिमा दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख आणि त्यावरची वाचकांची पत्रे वाचली. एक बाजू म्हणते, बॉम्ब टाकला नसता तर दहा लाख अमेरिकी सैनिक मेले असते. दुसरी म्हणते, जपान हरलेलाच होता, बॉम्ब टाकला तो रशियाला धाक घालायला. दोन्हीकडचे लोक तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या मनात काय होते यावर हिरिरीने लिहितात. पण त्यांनी कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर, काय ठरवले हे एकाही पत्रात नाही. हेतूचा निवाडा करायचा तर आधी निर्णय हाती लागायला हवा, आणि या प्रकरणात खरी अडचण तिथेच आहे.

आधी त्या दहा लाखांबद्दल. हा आकडा माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकातल्या लेखात दिला, म्हणजे युद्ध संपून दीड वर्ष झाल्यावर. त्यांचा शब्द होता ‘कॅज्युअल्टीज’. लष्करी भाषेत त्यात मृत, जखमी आणि बेपत्ता असे तिन्ही येतात. मराठीत याला ‘हताहत’ हा अगदी चपखल शब्द आहे, हत आणि आहत दोघांना पोटात घेणारा. तो असताना आपल्याकडे सर्रास ‘दहा लाख मृत्यू’ असे छापले जाते. आपल्या लेखातही तसेच छापले आहे.

१९४५ च्या उन्हाळ्यातले आकडे वेगळे होते. १५ जूनच्या संयुक्त युद्धनियोजन समितीच्या टिपणात आधी जपानच्या क्यूशू बेटाचा दक्षिण भाग आणि त्यानंतर टोकियोचे मैदान अशा मोहिमेसाठी ४० हजार मृत, दीड लाख जखमी आणि साडेतीन हजार बेपत्ता, एकूण १,९३,५०० हताहत असा अंदाज होता. १८ जूनला व्हाइट हाउसमधल्या बैठकीत लष्करप्रमुख मार्शल यांनी ट्रुमन यांना एवढेच सांगितले की पहिल्या ३० दिवसांत फिलिपाइन्समधल्या लुझोन बेटापेक्षा जास्त किंमत मोजावी लागू नये. लुझोनचा आकडा होता ३१ हजार हताहत.

यावरून ‘जीव वाचवणे ही निव्वळ सबब होती’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही मी सहमत नाही. जपानच्या ओकिनावा बेटावरची लढाई नुकतीच संपत होती, तिथे बारा हजारांवर अमेरिकी मेले होते. जुलैभर पकडलेल्या जपानी संदेशांतून क्यूशूवरची फौज आठवड्यागणिक वाढताना दिसत होती. चाळीस हजार मृत्यू टाळणे हे कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला पुरेसे कारण आहे. १९४७ मध्ये तो आकडा मोठा का करावासा वाटला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो १९४५ च्या हेतूचा प्रश्न नव्हे. आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. त्याच १८ जूनच्या बैठकीत ट्रुमन यांनी १ नोव्हेंबरच्या क्यूशू चढाईला मंजुरी दिली. बॉम्ब की चढाई, असा तराजू त्यांच्यापुढे कोणी मांडलेला नव्हता. नाकेबंदी, आगलावे हवाई हल्ले, रशियाचा युद्धप्रवेश, चढाई आणि बॉम्ब हे सगळे एकाच वेळी पुढे सरकत होते.

आता कागद. ज्याला बॉम्ब टाकण्याचा आदेश म्हणता येईल तो एकच कागद आहे: २५ जुलै १९४५ रोजी हंगामी लष्करप्रमुख थॉमस हँडी यांनी पॅसिफिकमधल्या हवाई दलाचे प्रमुख जनरल कार्ल स्पाट्झ यांना दिलेला. मसुदा मुख्यतः अणुप्रकल्पाचे प्रमुख लेस्ली ग्रोव्ह्ज यांचा. चारच कलमे. पहिल्यात म्हटले आहे की ३ ऑगस्टच्या सुमारानंतर, डोळ्यांनी लक्ष्य दिसेल असे हवामान मिळताच, पहिला ‘विशेष बॉम्ब’ हिरोशिमा, कोकुरा, निईगाता आणि नागासाकी यांपैकी एका ठिकाणी टाकावा. दुसऱ्यात म्हटले आहे की पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे त्याच लक्ष्यांवर टाकले जातील. तिसरे कलम प्रसिद्धीबद्दल. चौथ्यात हा आदेश युद्धमंत्री आणि लष्करप्रमुख यांच्या संमतीने निघाल्याची नोंद आहे. राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख फक्त तिसऱ्या कलमात येतो, बातमी कोण जाहीर करणार या संदर्भात.

ट्रुमन यांच्या हस्ताक्षरातला म्हणून जो ‘आदेश’ वारंवार दाखवला जातो तो ३१ जुलैचा आहे. स्टिमसन यांच्या तारेच्या मागच्या बाजूला त्यांनी हाताने लिहिले, ‘सूचना मान्य. तयार झाल्यावर प्रसिद्ध करा, पण २ ऑगस्टच्या आधी नको.’ इंग्रजीत तिथे ‘रिलीज’ हे क्रियापद आहे, म्हणून वाचणाऱ्याला बॉम्ब सोडण्याचा हुकूम वाटतो. स्टिमसन यांची तार होती बॉम्बनंतर वृत्तपत्रांना द्यायच्या निवेदनाच्या मसुद्याबद्दल! ट्रुमन तेव्हा जर्मनीत पॉट्सडॅमच्या परिषदेला गेले होते आणि २ ऑगस्टला तिथून निघणार होते, त्याआधी ते निवेदन बाहेर पडायला नको होते, इतकाच त्याचा अर्थ.

मग हेतू शोधायचा कुठे? माझ्या मते, जिथे खरोखर दोन वाटा होत्या आणि कोणीतरी एक निवडली, तिथे.

पहिली अशी जागा म्हणजे नेमबिंदू, बॉम्बचा नेम जिथे धरायचा ते ठिकाण. १ जूनला बॉम्बच्या वापराबद्दल सल्ला देणाऱ्या हंगामी समितीने शिफारस केली की बॉम्ब लवकरात लवकर, पूर्वसूचना न देता, कामगारवस्तीने वेढलेल्या युद्धकारखान्यावर वापरावा. पण हिरोशिमात नेमबिंदू ठरला तो शहराच्या मध्यभागचा, टी आकाराचा आयोई पूल. वरून ओळखायला सोपा. बॉम्ब तिथून अडीचशे मीटरच्या आत, शिमा रुग्णालयावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. शहरात लष्कराचे मोठे मुख्यालय आणि हजारो सैनिक होते, त्यामुळे ‘तिथे लष्करी काहीच नव्हते’ हेही चूक. पण मोठे कारखाने शहराच्या कडेला होते, आणि अमेरिकेच्याच युद्धोत्तर बॉम्बफेक पाहणीत ते बहुतांशी वाचल्याचे नोंदले आहे. फुटण्याची उंची ठरवली होती ती लाकडी घरांची जास्तीत जास्त पडझड व्हावी या हिशोबाने. कारखाना हे लक्ष्य असते तर नेमबिंदू कडेला गेला असता.

दुसरी जागा क्योतो. लक्ष्यसमितीच्या मे महिन्यातल्या यादीत क्योतो अग्रभागी होते. स्टिमसन यांनी ते हट्टाने काढायला लावले. त्यांनी मधुचंद्र तिथे घालवला होता म्हणून शहर वाचले, ही गोष्ट दरवर्षी मोबाइलवर फिरते. त्यांचे लग्न झाले १८९३ मध्ये आणि ते क्योतोला गेले १९२६ मध्ये. २४ जुलैच्या रोजनिशीत त्यांनी स्वतःच कारण लिहून ठेवले आहे: क्योतो उद्ध्वस्त केले तर जपानी लोकांच्या मनात इतकी कटुता राहील की युद्धानंतर ते आपल्यापेक्षा रशियाकडे झुकतील. ट्रुमन यांनी त्याला जोरदार दुजोरा दिला, असेही तिथेच आहे. रशियाचा विचार टेबलावर होता का, या प्रश्नाचे उत्तर इथे पांढऱ्यावर काळे मिळते. होता. पण बॉम्ब टाकण्याचे कारण म्हणून नव्हे, एक शहर वगळण्याचे कारण म्हणून.

तिसरी जागा पॉट्सडॅम जाहीरनाम्याचा, म्हणजे जपानला शरण येण्याचे बजावणाऱ्या घोषणेचा, मसुदा. स्टिमसन यांच्या मसुद्यात जपानला सध्याच्याच राजघराण्याखाली घटनात्मक राजेशाही ठेवता येईल असे वाक्य होते. २६ जुलैला जाहीर झालेल्या मजकुरात ते नाही. टोकियोहून परराष्ट्रमंत्री तोगो मॉस्कोतल्या राजदूत सातो यांना पाठवत असलेल्या तारा अमेरिकेत उकलून वाचल्या जात होत्या, आणि बिनशर्त शरणागती हाच तहातला अडथळा आहे असे त्यांतल्या एकीत स्पष्ट म्हटले होते. तरी वाक्य गेले. परराष्ट्रमंत्री बर्न्स यांचे सहायक वॉल्टर ब्राउन यांनी २४ जुलैला नोंदवले आहे की बॉम्बनंतर जपान शरण येईल आणि रशियाला फारसा वाटा मागता येणार नाही, अशी बर्न्स यांना आशा होती. मला विचाराल तर ‘रशियाला धाक’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि तो ट्रुमनविरुद्ध नाही, बर्न्सविरुद्ध आहे. मात्र ते वाक्य ठेवले असते तर जपान लगेच शरण आला असता, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. ९ ऑगस्टला, हिरोशिमा होऊन गेल्यावर आणि सोव्हिएत फौजा मांचुरियात शिरल्यावरही, जपानच्या सहा जणांच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी फूट होती. राजघराणे राहावे ही अट सहाही जणांची होती. युद्धमंत्री अनामी, लष्करप्रमुख उमेझू आणि नौदलप्रमुख तोयोदा यांना त्याखेरीज आणखी तीन हव्या होत्या: सैन्य आपणच विसर्जित करू, युद्धगुन्हेगारांचे खटले आपणच चालवू आणि देशावर परकी ताबा नको.

इथे एक वाट चुकते. जपान बॉम्बमुळे शरण आला की रशियामुळे, हा परिणामाचा प्रश्न आहे, आणि तो टोकियोतल्या कागदांवरून सोडवावा लागतो. बॉम्ब का टाकला, हा वॉशिंग्टनचा प्रश्न. एकाचे उत्तर दुसऱ्यात घालता येत नाही. रशियामुळे शरणागती आली असे सिद्ध झाले तरी ट्रुमन यांचा हेतू खोटा ठरत नाही, आणि बॉम्बमुळे आली म्हणून तो शुद्धही ठरत नाही.

‘युरेनियम आणि प्लुटोनियम, दोन्ही तपासून पाहायचे होते म्हणून दोन शहरे’ असे एका पत्रात म्हटले आहे. पुरवठ्याचे गणित पाहा. हिरोशिमाच्या बॉम्बला ६४ किलो समृद्ध युरेनियम लागले, म्हणजे तोवर साठलेले जवळजवळ सगळे. नागासाकीच्या बॉम्बला सुमारे ६.२ किलो प्लुटोनियम पुरले, आणि ते अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या कारखान्यातून नियमित येत होते. म्हणून पहिला युरेनियमचा आणि पुढचे सगळे प्लुटोनियमचे, हा क्रम कारखान्यांनी ठरवला. प्लुटोनियम बॉम्बची चाचणी तर १६ जुलैला न्यू मेक्सिकोतच झाली होती. मोजमापाची हौस मात्र नक्की होती. लक्ष्य म्हणून आधी फारसा मार न खाल्लेली शहरे राखून ठेवली गेली, आणि सोबतच्या विमानातून दाब मोजणारी उपकरणे पॅराशूटने सोडली गेली.

मग तीन दिवसांनी नागासाकी का? कारण २५ जुलैच्या त्या दुसऱ्या कलमानंतर कोणी काही ठरवायचे उरलेच नव्हते. पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरच्या अमेरिकी तळावरून दुसरा बॉम्ब ११ ऑगस्टला न्यायचा होता. १० तारखेपासून पाच दिवस हवामान बिघडणार असा अंदाज आला, म्हणून जुळणीतल्या काही तपासण्या गाळून तो ९ तारखेवर आणला. विमानात एक इंधनपंप नादुरुस्त होता, त्यामुळे सहाशे गॅलनहून अधिक इंधन वापरता येत नव्हते, तरी उड्डाण झाले. कोकुरावर धुके आणि धूर होता, तीन फेऱ्या मारूनही लक्ष्य दिसले नाही, तेव्हा विमान नागासाकीकडे वळले. जपानचे युद्धमंडळ बैठकीत बसलेले असतानाच ती बातमी आली. हिरोशिमाचा अर्थ लावायला टोकियोला वेळ द्यावा की नाही, हा प्रश्न कोणी विचारला आणि मग ‘नाही’ म्हटले, असे घडलेले नाही. कोणी विचारलाच नाही. नागासाकीत वर्षअखेरपर्यंत सुमारे ७० हजार माणसे मेली. त्यामागचा हेतू शोधायला गेलो की हाती हवामानाचा अंदाज येतो, आणि मला हे कोणत्याही कपटापेक्षा भयंकर वाटते.

चौथी जागा १० ऑगस्ट. ग्रोव्ह्ज यांनी मार्शल यांना कळवले की पुढचा बॉम्ब १७ किंवा १८ ऑगस्टनंतर योग्य हवामान मिळताच टाकता येईल. त्याच टिपणाच्या खाली मार्शल यांनी हाताने लिहिले की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर सोडायचा नाही. त्याच दिवशी मंत्रिमंडळात ट्रुमन म्हणाले की आणखी लाखभर माणसे पुसून टाकण्याची कल्पना फार भयानक आहे, ‘ती सगळी मुले’ मारणे आपल्याला नको. ही नोंद व्यापारमंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे. ट्रुमन यांची स्वतःची २५ जुलैची नोंद तिच्याशेजारी ठेवून वाचावी: लक्ष्य लष्करी असेल, सैनिक आणि खलाशी असतील, बायका-मुले नव्हेत, असे आपण स्टिमसन यांना सांगितले आहे. या दोन तारखांच्या मधल्या सोळा दिवसांत त्यांना कधीतरी आयोई पूल म्हणजे काय ते कळले असावे, असे माझे मत आहे. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः, नेमका, बॉम्बविषयीचा घेतलेला निर्णय म्हणून जो दाखवता येतो तो हाच, आणि तो थांबवण्याचा आहे.

लेखातल्या ‘दहा लाख मृत्यू’ या उल्लेखाच्या जागी ‘दहा लाखांहून अधिक हताहत, १९४७ मध्ये सांगितलेला आकडा’ अशी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा