काका, तुम्ही राजीनाम्यावर सही करू दिली नाहीत

आदरणीय काका,

हे सोमवारी कामावर रुजू झाले. तुमचे आभार तोंडी मानून माझं समाधान होईना, म्हणून चार लोक वाचतील असं लिहिते आहे.

ह्यांना मणक्याचा टीबी निघाला. औषधं वर्षभर, कदाचित जास्तही चालतील, असं डॉक्टर म्हणाले. आजाराची भीती होतीच, पण झोप उडाली ती पगाराच्या काळजीने. त्यातच सुपरवायझर टाइप केलेला राजीनामा घेऊन घरी आले. "सही करा, बरे झालात की परत घेऊ." बोलणं इतकं गोड की ह्यांनी पेन हातात घेतलं होतं. तुम्ही ह्यांना बघायला आला होतात. "कागद राहू द्या इथे, वाचून कळवतो," एवढंच म्हणालात.

ते गेल्यावर तुम्ही तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचं (ईएसआय) कलम 73 समजावलंत. आजारपणाचा लाभ, म्हणजे आजारी असताना ह्या विम्यातून मिळणारे पैसे, चालू असताना मालक कामगाराला काढू शकत नाही, नोटीस दिली तरी ती चालत नाही. पण कामगारानेच राजीनामा लिहून दिला, तर कलम त्याला कसं वाचवणार? हे त्या दिवशी कळलं नसतं तर आज घरात पगार आला नसता.

मग पलंगावर पगाराच्या स्लिपा पसरून पेन्सिलीने दिवस मोजायला बसलात. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात, म्हणजे पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते त्या काळात, 78 दिवस भरले की आजारपणात 91 दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, हे मला ठाऊकच नव्हतं. ह्या विम्यासाठी दरमहा कापले जाणारे ते सव्वाशे-दीडशे रुपये म्हणजे फुकट गेलेले पैसे, अशीच माझी समजूत. टीबी दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे 91 दिवस संपले की 80 टक्क्यांनी पुढचा लाभ, तोही गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि मागच्या चार वर्गणी काळांत 156 दिवस लागतात. ह्यांचे भरले तेव्हा तुम्ही आकड्याखाली दोन रेघा मारल्यात. तो कागद मी जपून ठेवलाय.

दवाखान्याचा दाखला एकही चुकू द्यायचा नाही, प्रत्येकाची झेरॉक्स ठेवायची आणि कंपनीला कळवलेल्या पत्रावर पोच घ्यायची, ही शिस्तही तुमचीच. पुढे कंपनीने "न कळवता गैरहजर" असं पत्र पाठवलं, तेव्हा त्या पोचपावत्यांनीच आम्हाला तारलं.

पीएफला मात्र हात लावू दिला नाहीत, त्याबद्दल तेव्हा मला रागच आला होता. टीबीसाठी उचल मिळते, ती परत भरावी लागत नाही, मग काढू का नये? "ते म्हातारपणाचे पैसे आहेत, आधी हक्काचे येऊ देत," म्हणालात. लाभाचे पैसे पहिल्यांदा खात्यात यायला उशीर झाला, तेव्हा तुम्हीच फायनान्स कंपनीला अर्ज लिहून दिलात, कर्जाचा हप्ता बाउन्स व्हायच्या आधी. त्यांनी तारीख पुढे ढकलली. पीएफ आजही जसाच्या तसा आहे.

ह्यांना आता बसून करायचं काम दिलंय. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय.

काका, ह्यांच्याच लाइनवरच्या एकाचं डायलिसिस सुरू झालंय. त्याच्या बायकोला तुमचा पत्ता दिलाय. रविवारी सकाळी येईल. स्लिपा घेऊन जा आणि तोवर कशावरही सही करू नका, असं सांगितलंय.

तुमची,
सूनबाई