साध्या फोनवाल्यांनी परदेशी जाऊच नये काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'स्मार्टफोन नाही? मग परदेशी कसे फिरणार?' असं हल्ली आपल्या जळगाव-धुळ्याचे ट्रॅव्हल एजंटही छातीठोकपणे विचारतात. मी नुकताच मुलीकडे सिंगापूरला जाऊन आलो, बटणांचा साधा फोन खिशात घालून. स्मार्टफोन मला झेपत नाही असं नाही, मला तो नको आहे. (दिवसभर मान खाली घालूनच बसायचं तर निवृत्त कशाला झालो? पेपर तपासणं काय वाईट होतं?)

तिकडे फारसं अडलं नाही. मेट्रोच्या स्टेशनात आसपासच्या रस्त्यांचा नकाशा लावलेला असतो, प्रत्येक बसथांब्याला पाच आकडी नंबर असतो. मुलीने खिशातल्या डायरीत डाव्या बाजूला बसचा नंबर, उजव्या बाजूला थांब्याचा, असं लिहून दिलं. त्या एका पानावर मी एकटा बोटॅनिक गार्डन्सला गेलो, लिटल इंडियातही भटकलो. बस-मेट्रोत व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅपवालं बँक कार्ड चालतं. टेक्का सेंटर या खाद्यबाजारात जेवण रोखीने. एका हॉटेलात मेनूऐवजी टेबलावरचा क्यूआर कोड दाखवला. छापील मेनू मागितला तर आतून आणून दिला. मुलीच्या सासूबाई मात्र अहिराणीत 'हाऊ फोन शे का डबडं?' (हा फोन आहे की डबडं?) म्हणत मनमुराद हसून घेत होत्या.

फोन तेवढा पारखून घ्यावा लागतो. सिंगापूरने टूजी २०१७ मध्येच बंद केलं, २०२४ मध्ये थ्रीजीही गुंडाळलं. आपल्याकडचा जुना टूजी फोन तिथे नेला तर त्यात वेळ बघायची आणि टॉर्च लावायची. फोरजीवर बोलता येईल असे बटणांचे फोन मिळतात, पण त्यातल्या काही स्वस्त फोनांत एकाच कंपनीचं सिम चालतं. मग तिकडचं सिम घालणार कशात? दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

खरा ताप इकडे झाला. एजंट म्हणे, व्हिसा-तिकीट सगळं व्हॉट्सॲपवर टाकतो. छापून द्यायला कुरकुर. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचा फॉर्म, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत तिथल्या सरकारी संकेतस्थळावर, कुठल्याही संगणकावरून, फुकट भरता येतं. इथल्या एका सायबर कॅफेवाल्याने मला त्याची 'सरकारी फी' सांगितली!

बँकेत तर कहरच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या परिपत्रकानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं सुरू असतं. परदेशातला वापर आपण सुरू करून घ्यायचा. शाखेत उत्तर मिळालं, 'काका, ॲप टाकून घ्या ना.' त्याच परिपत्रकात एटीएम आणि फोनवरची आयव्हीआर सेवा (रेकॉर्ड केलेल्या सूचना ऐकून बटणं दाबायची) हेही मार्ग दिले आहेत. मी छापील प्रत पुढे केली. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून ती दोनदा वाचली, आणि माझं काम बाहेरच्या एटीएमवर पाच मिनिटांत झालं.

बँकांनी हे मार्ग शाखेच्या फलकावर मराठीत लिहावेत, आणि एजंटांनी सगळ्या कागदांचा छापील संच तिकिटासोबतच हातात द्यावा. छपाईचे पैसे वेगळे लावा, देऊ.

— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)